फुकटचे गाणे आणि खाटेवरचा श्रोता

गेल्या काही वर्षांत पुण्यात एक नवी सांस्कृतिक चाल रुजते आहे. हौशी गायक-वादकांचे गट इस्पितळांत आणि शुश्रूषा केंद्रांत जाऊन दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसांपुढे विनामूल्य गातात. त्याची बातमी येते, फोटो येतो, कौतुक होते. समीक्षा मात्र होत नाही. सेवेची समीक्षा करणे अशिष्टपणाचे समजले जाते. पण जिथे गाणे आले तिथे गाण्याची निवड आली, निवड आली तिथे रुची आली, आणि ही रुची कोणाची, हा प्रश्न दलित लेखकांनी विचारला तो केवळ पुस्तकांपुरता नव्हता. इस्पितळाचा वॉर्ड हेही एक सभागृहच आहे. फरक एवढाच की इथला श्रोता उठून जाऊ शकत नाही.

हा विषय माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अन्ननलिकेच्या कॅन्सरने पुण्यातल्या एका इस्पितळाच्या जनरल वॉर्डात एकवीस दिवस होते. आबा इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावचे हलगीवाले. आजोबा सनई वाजवीत, आबा हलगी. मांगवाड्यातल्या या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि आता त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. आबांच्या वॉर्डात दर गुरुवारी संध्याकाळी सहा-सात जणांचा एक गट येत असे. पेटी, तबला, टाळ. दोन-तीन निवृत्त गृहस्थ, एक शिक्षिका, दोन कॉलेजच्या मुली. पहिल्या गुरुवारी त्यांनी एक नाट्यपद, दोन अभंग, दोन भावगीते आणि जुन्या हिंदी चित्रपटांतली तीन-चार गाणी म्हटली. गाणे चांगले होते, हे आधीच सांगून टाकतो. बेसूर गाण्यावर टीका करणे सोपे असते.

आबा संपूर्ण वेळ तबलजीकडे पाहत होते. रात्री आईने पाणी पाजल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि बसलेल्या आवाजात विचारले, "मास्तर, ही मानसं फुकाट का वाजवत्यात? कुनाचं बळ हाय का त्यांच्यावर?"

मी त्यांना सेवा, स्वयंसेवा, समाधान असे काहीबाही समजावून सांगितले. वर्गात सांगतो तसेच. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मग बरं हाय. त्यांना न्हाई म्हनता येतं."

सौंदर्यशास्त्रावरची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत, काही शिकवलीही आहेत. कलेच्या स्वातंत्र्याची इतकी नेमकी व्याख्या मला त्यांत सापडली नव्हती. ज्याला नाही म्हणता येते त्याचे फुकट वाजवणे ही सेवा. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचे फुकट वाजवणे ही वेठ. सूर तोच असेल, ताल तोच असेल. आबांनी चाळीस वर्षे जे वाजवले त्यातले निम्मे दुसऱ्या प्रकारचे होते. पाटलाच्या घरचे लग्न, देवाची पालखी, कोणाची मिरवणूक, कोणाचे मयत. निरोप आला की हलगी शेकायची आणि निघायचे. बिदागी म्हणून उरलेले अन्न, एखादे धोतर, सुगीला पेंढी. कायद्याने वतने गेली, १९७६ साली वेठबिगार बंद झाली, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा ठरला; तरी हलगी वाजवायला नकार दिला म्हणून वाळीत पडलेली घरे आमच्या पंचक्रोशीतच मी दाखवू शकेन. धर्मांतरानंतर महारवाड्यांनी गावकीची कामे टाकली तेव्हा त्यांत ढोल, शिंग आणि वाजंत्रीही होती. वाद्य खाली ठेवणे हा आपल्या चळवळीतला पहिल्या काही नकारांपैकी एक नकार आहे. आपल्या आत्मकथनांत मैल्याचे, मेलेल्या ढोरांचे, शिळ्या भाकरीचे वर्णन झाले. वाजवण्याच्या वेठीवर मात्र त्या मानाने थोडेच लिहिले गेले, कदाचित वाद्याचे आपल्यालाही प्रेम असते म्हणून.

उलट बाजू पाहा. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक बिदागी न घेता हजेरी लावतात. अब्दुल करीम खाँ प्लेगने आजारी पडले असताना याच दर्ग्यात गायले आणि बरे झाले, अशी कथा तिथे सांगितली जाते. कथा खरी की श्रद्धेची, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्यातली एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे: आजारी माणूस स्वतः गायला, त्याला हवे ते गायला, हव्या त्या ठिकाणी गायला. पुढच्या पिढ्यांचे गायक तिथे फुकट गातात ते त्यांच्या मोठेपणात जमा होते. माझ्या आबांचे फुकट वाजवणे कोणत्याच खात्यात जमा नाही.

आजार आणि संगीत यांचा संबंध पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी जोडला, असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात तो फार जुना आहे, आणि जातीने बांधलेला आहे. पटकी आली, देवी आल्या, प्लेग आला की मरीआईचा कोप झाला म्हणत, आणि तो उतरवण्याचे काम पोतराजाकडे असे. पोतराज मांगाचा किंवा महाराचा. वाढलेले केस, कमरेला खणांच्या चिंध्या, हातात आसूड, सोबत ढोलके. गावाच्या आजारासाठी त्याने स्वतःच्या अंगावर फटके मारून घ्यायचे आणि नाचायचे. हे एका अर्थी रोग्यांसाठी केलेले सादरीकरणच होते. फक्त सादर करणारा स्वयंसेवक नव्हता. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात घरचा मुलगा पोतराज म्हणून देवीला सोडण्याची चाल आली आहे. ते वाचताना अंगावर काटा येतो. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर जेजुरी आहे. मूल जगावे, दुखणे उतरावे म्हणून खंडोबाला नवस करायचा आणि मुलगा वाघ्या, मुलगी मुरळी करून सोडायची. म्हणजे एकाच्या आरोग्याची किंमत दुसऱ्याने जन्मभर गाऊन-नाचून फेडायची. १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईला दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, वाघ्ये, जोगतिणी, आराधी यांची सभा घेऊन हे जिणे सोडायला सांगितले. त्या सभेकडे आपण धर्मांतराच्या इतिहासातला एक प्रसंग म्हणून पाहतो. संगीताच्या इतिहासातही तिला जागा द्यायला हवी. वेठीच्या गाण्यातून कलावंताने बाहेर पडावे, असे तिथे सांगितले गेले.

ही पार्श्वभूमी घेऊन वॉर्डातल्या गुरुवारकडे पाहिले म्हणजे काही गोष्टी खटकतात. त्या मी तीन गुरुवार पाहून लिहितो आहे.

पहिली गोष्ट, कोणी विचारले नाही. गट आला, सिस्टरांची परवानगी घेतली, दाराजवळ सतरंजी टाकली, निवेदन झाले, गाणे सुरू झाले. बत्तीस खाटांपैकी एकाही खाटेला 'गायलो तर चालेल का' असे विचारण्यात आले नाही. तेरा नंबरच्या खाटेवर एक तरुण दिवसभर वेदनेने तळमळून नुकताच झोपला होता. त्याच्या बायकोने पुढे होऊन सांगायचे धाडस केले नाही. कशी करील? जनरल वॉर्डातल्या माणसाला फुकट मिळणारे काहीही नाकारण्याची सवय नसते. फुकट औषध, फुकट केळी, फुकट गाणे. सर्व एकाच हाताने घ्यायचे असते. पेड रूममधल्या पेशंटच्या दारावर टकटक करून विचारतात, हेही मी त्याच इस्पितळात पाहिले आहे. आबांचे वाक्य इथे उलट फिरते. गाणाऱ्यांना नाही म्हणता येते. ऐकणाऱ्यांना येत नाही. वेठ संपली नाही, तिने जागा बदलली. पूर्वी वाजवणारा वेठीला धरलेला असे, आता ऐकणारा असतो. हे वाक्य कठोर आहे याची मला कल्पना आहे. त्या मंडळींच्या मनात तसे काही नव्हते. पण मनात काय होते याला समीक्षेत फारशी किंमत नसते.

दुसरी गोष्ट निवडीची. निवेदिका म्हणाल्या, शांत, प्रसन्न करणारी गाणी आम्ही निवडली आहेत. आजाऱ्याला शांत गाणे हवे, हे कोणी ठरवले? आमच्याकडच्या बायका दुःखात शांत होत नाहीत, मोठ्याने गातात आणि रडतात, आणि गाता गाता रडतात. मयताच्या घरी रात्रभर एकतारीवर भजन चालते त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. शांत म्हणजे बरे, संथ म्हणजे उच्च, मंद म्हणजे सुसंस्कृत, ही एका वर्गाची सवय आहे. तिला तो वर्ग आरोग्याचा नियम समजतो. कोणता राग कोणत्या रोगावर चालतो याचे तक्ते तर बाजारात मिळतातच. त्या तक्त्यांत लावणी नसते, भीमगीत नसते, गोंधळ नसतो, कव्वालीही क्वचितच. वॉर्डात त्या दिवशी कोण होते? हडपसरचा हमाल, भवानी पेठेतला भंगारवाला, मंचरच्या बाजूचा शेतमजूर, येरवड्याची कचरा वेचणारी बाई यांची माणसे. त्यांच्या कानांवर आयुष्यभर जे पडले त्यातले एकही गाणे यादीत नव्हते. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये आनंद हे कलेचे अंतिम मूल्य मानायला नकार देऊन स्वातंत्र्याचे मूल्य पुढे ठेवले. ती चर्चा मला नेहमी जरा कोरडी वाटत असे. वॉर्डात उभे राहिल्यावर ती ओली वाटली.

तिसरी गोष्ट फोटोची. तिच्यावर जास्त लिहीत नाही. नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो त्याला न विचारता काढू नये, एवढे कळायला समीक्षा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, गाण्याने फायदा होतो ना? होतो, असे म्हणायला आधार आहे. कॅन्सरच्या रुग्णांवर संगीताचा काय परिणाम होतो याच्या ८१ चाचण्या एकत्र करून २०२१ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वतीने एक आढावा प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसांत चिंता, वेदना, थकवा कमी होण्यास संगीताची मदत होऊ शकते, असे त्याचे म्हणणे; पुरावा मात्र कच्च्या प्रतीचा आहे, हेही त्यांनीच नोंदवले आहे. म्हणजे गाणे बंद करा असे म्हणण्याचा प्रश्नच नाही. आणि ज्या डॉक्टर बाईंनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हे आधुनिक शुश्रूषागृह काढले त्या सिसिली साँडर्स यांनी तर मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, समाजाची आणि आत्म्याचीही असते, असे मांडून ठेवले आहे. त्या विचारातून १९८६ साली मुंबईत शांती आवेदना सदन निघाले, १९९७ साली पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र निघाले. तिथे कॅन्सरच्या रुग्णांची शुश्रूषा विनामूल्य होते. साँडर्सबाईंची समाजाची वेदना ही संज्ञा आपल्याकडे आली तेव्हा तिचा अर्थ बिल, घर, मुलांची शाळा एवढाच झाला. शेजारच्या खाटेवरच्याने आडनाव विचारल्यावर गावाचे नाव सांगून वेळ मारून नेणे, ही कोणती वेदना? आबा चौथ्या दिवसापर्यंत आपण काय काम करीत होतो ते सांगत नव्हते. शेतमजुरी, म्हणत. त्यांच्यासारख्या हाताच्या माणसापुढे तबला वाजत होता आणि वॉर्डात कोणाला ते माहीत नव्हते.

इतर देशांत या फुकटपणाचाही विचार झालेला दिसतो. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, इस्पितळांतल्या संगीतासाठी एक मंडळ निघाले. त्यांनी व्यावसायिक कलावंत घेतले आणि त्यांना मानधन देण्याची पद्धत ठेवली. गाणे हे काम आहे, असे त्यांनी धरले. अमेरिकेत १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या अशाच एका संस्थेत स्वयंसेवक कलावंत खोलीखोलीत जाऊन खाटेजवळ गातात. एका पद्धतीत गाणाऱ्याच्या श्रमाची कदर आहे, दुसरीत ऐकणाऱ्याच्या जवळ जाण्याची. आपल्याकडे दोन्ही नाहीत. सतरंजी आहे आणि निवेदन आहे.

आजारी माणसाने स्वतःचे गाणे स्वतः निवडले, याचे आपल्या सर्वांना ठाऊक असलेले एक उदाहरण आहे, पण आपण ते या दृष्टीने पाहत नाही. ५ डिसेंबर १९५६ ची रात्र, दिल्ली, २६ अलीपूर रोड. मधुमेहाने आणि सांधेदुखीने शरीर थकलेले. नानकचंद रत्तू डोके चेपीत होते. बाबासाहेब त्रिशरण गुणगुणू लागले, मग त्यांनी रत्तूंना रेडिओग्रामवर त्याची तबकडी लावायला सांगितली आणि तिच्याबरोबर स्वतः म्हणू लागले. जेवायला उठताना कबीराचे एक पद त्यांच्या ओठांवर होते. रत्तूंनी हे लिहून ठेवले आहे, धनंजय कीरांच्या चरित्रातही आहे. उतारवयात बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, हेही ज्ञात आहे. त्या रात्री कोणी त्यांना शांत करण्यासाठी काही ऐकवले नाही. काय ऐकायचे ते त्यांनी सांगितले आणि शेजारच्या माणसाने तबकडी लावली. रुग्णाजवळच्या संगीतात कलावंताची जागा कोणती असावी, असे मला कोणी विचारले तर मी रत्तूंची जागा दाखवीन.

बुद्धाच्या चरित्रातली महावग्गातली गोष्टही अशीच आहे. अतिसाराने घाणीत पडलेला एक भिक्खू बुद्धाला दिसला. सोबत आनंद होता. बुद्धाने आधी त्याला काय झाले ते विचारले, तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे का ते विचारले, मग पाणी आणवून दोघांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. उपदेश नंतर, तोही आजाऱ्याला नव्हे, दुर्लक्ष करणाऱ्या भिक्खूंना. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्चला त्या स्वतःच प्लेगने गेल्या. या शहराला सेवेची दीक्षा द्यायची तर ती तिथून घ्यावी.

इथपर्यंत मी दुसऱ्यांवर लिहिले. आता माझ्यावर.

दुसऱ्या गुरुवारनंतर मला वाटले, आबांना त्यांचे संगीत मिळाले पाहिजे. मी गावाकडे चुलतभावाला फोन केला. त्याने आमच्या पोरांना बसवून पंधरा मिनिटे हलगी आणि सनई मोबाइलवर भरून पाठवली. मी मोठ्या अभिमानाने आबांच्या कानाला वायर लावली. मनात लेखही जुळत होता: दलित कलावंताला मृत्युशय्येवर त्याचा नाद परत मिळाला, वगैरे. आबांनी मिनिटभर ऐकले आणि वायर काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "ह्ये कामाचं हाय. आता काम नगं."

मग काय हवे, असे मी तेव्हा पहिल्यांदा विचारले. एकवीस दिवसांतल्या तेराव्या दिवशी. म्हणजे निवेदिका बाईंमध्ये आणि माझ्यात फरक एवढाच की त्यांनी भावगीत गृहीत धरले होते आणि मी हलगी. आबा म्हणाले, "प्रल्हाद शिंद्याचं लाव. इठ्ठलाचं."

इथे मी अडखळलो, हे कबूल केले पाहिजे. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते गायली आणि विठ्ठलाचीही गाणी गायली. २००४ साली ते गेले तरी दोन्ही प्रकारची गाणी अजून प्रत्येक वस्तीत वाजतात. आबांनी भीमगीत मागितले असते तर मला सोपे गेले असते. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो मी लावला, माझ्या शिक्षणाने लावला. देव्हारा मीच काढायला लावला होता आणि त्या वेळी आबा काही बोलले नव्हते. आता खाटेवर पडून ते विठ्ठल मागत होते, आणि मी, चळवळीतला प्राध्यापक, दोन क्षण त्यांना 'नाही' म्हणण्याच्या बेतात होतो. त्यांच्या पांडुरंगावर मी पुष्कळ बोलू शकलो असतो. आईने माझ्याकडे पाहिले. मी गाणे लावले. त्यांनी डोळे मिटले, आणि टिपरू धरायची दोन बोटे चादरीवर हलू लागली. त्यातला ताल हलगीचा नव्हता, टाळाचा होता.

तिसऱ्या गुरुवारी गटातल्या एका मुलीला मी हे सांगितले. ती मुलगी भली होती. तिने आबांना जाऊन विचारले. तिला ते गाणे येत नव्हते, सुरुवातही माहीत नव्हती. आबांनी घोगऱ्या आवाजात चाल सांगितली, तिने वहीत शब्द उतरून घेतले, दोनदा म्हणून पाहिले, चुकली, आबांनी हाताने थांबवून ठेका दाखवला. वीसेक मिनिटे हे चालले होते. दाराजवळ कार्यक्रम सुरूच होता आणि ती कार्यक्रमात नव्हती. त्या तीन गुरुवारांत मला समीक्षा करण्याजोगे संगीत तेवढेच आढळले. आबा चार दिवसांनी गेले.

रुग्णच गाऊ लागतो तेव्हा काय होते याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रात आहे. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग कलावंत गावोगाव कार्यक्रम करतात. ज्यांच्यापुढे गावे असे समाजाला वाटत होते ते रंगमंचावर चढले आणि समाज खुर्चीत बसला. ही उलटापालट मला महत्त्वाची वाटते. तिच्यातही एक धोका आहे: प्रेक्षक गाणे ऐकण्याऐवजी गाणाऱ्याचे व्यंग ऐकत बसतो, टाळी सुराला पडत नाही, जिद्दीला पडते. दलित लेखकाला ही टाळी ओळखीची आहे. आमच्या कवितेलाही बराच काळ ती पडली. तरी माइक हातात असणे आणि नसणे यांत अंतर आहेच.

बायकांच्या वॉर्डाचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे कोणी पाहिलेले नाही. पुणे जिल्ह्यात आणि बाहेर हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत दलित बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या शेकड्यांनी आहेत. ओवी कोणापुढे सादर करायची नसते. ती दळताना स्वतःसाठी म्हणायची असते, फार तर समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या बाईसाठी. जाती गेली, पण म्हणणाऱ्या पिढीतल्या बायका आज साठी-सत्तरीत या वॉर्डांत पडलेल्या आहेत. तिथे सतरंजी टाकून भावगीत म्हणण्याऐवजी कोणी खाटेजवळ बसून 'आजी, तुम्हाला काही येतं का?' एवढे विचारले तर त्या वॉर्डात गाणारे बाहेरून आणावे लागणार नाहीत. माझ्या आईला येतात. आबांच्या उशाशी बसून ती पुटपुटत असे. एकवीस दिवसांत ते एकाही गायकाच्या कानावर पडले नाही.

आता एक चालू भांडण. आमच्या कॉलेजात हलगी वाजवणारी सात पोरे आहेत. भवानी पेठ, येरवडा, एक दौंडचा. त्यांचे पथक चांगले आहे. परवा एका मंडळाने त्यांना निरोप पाठवला: इस्पितळात दिवाळीचा कार्यक्रम आहे, सेवा म्हणून वाजवायला या. पोरांनी विचारले, किती देणार? मंडळी दुखावली. मला फोन आला, "सर, तुम्ही मुलांना जरा समजावून सांगा, हे पैशाचं काम नाही." माझे सहकारी, वयाने मोठे, चळवळीतलेच, त्यांचेही मत पोरांनी जावे असे पडले, समाजात मिसळण्याची संधी आहे, आपल्या वाद्याला इस्पितळात मान मिळतो आहे, पहिल्याच वेळी पैसे कशाला काढायचे? मी पोरांच्या बाजूने बोललो. सर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे मला वाटत नाही. पण ज्याच्या आजाने फुकट वाजवले त्याला फुकट वाजवण्याचा सद्गुण शिकवायला मी जाणार नाही.

पोरांनी आपसात बसून ठरवले ते असे. येण्या-जाण्याचे भाडे आणि प्रत्येकी मानधन, थोडे का होईना, घ्यायचे. फोटो नाही. आणि हलगी वॉर्डात न्यायची नाही. आवाज मोठा, आत दुखणाईत माणसे. बाहेर आवारात वाजवायचे, जिथे पेशंटचे नातेवाईक रात्री पथाऱ्या टाकून झोपतात, डबे धुतात, रिपोर्टची वाट पाहतात. तेही आधी त्यांना विचारून. दौंडचा पोरगा म्हणाला, माझी आई सासष्ट दिवस तिथं झोपलीय, तिला कुणी कधी काय ऐकवलं नाही.

मंडळाचे उत्तर अजून आलेले नाही.